नाव माझं ओफोनासी

पुण्यात शिकायला होतो तेव्हा संध्याकाळच्या रशियनच्या वर्गात नाव घातलं होतं. १९८० च्या दशकाची सुरुवात. रशियन पुस्तकं तेव्हा अगदी स्वस्तात मिळायची, जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची, आणि ती मूळ भाषेत वाचायची असा ध्यास मला लागला होता. पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाचं नव्याने बारसं केलं. कुणी साशा झाला, कुणी मीशा, कुणी कोल्या. मुलींमध्ये एक नताशा आणि दोन तान्या. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी नावाच्या आधी गाव विचारलं.

“रेवदंडा,” मी म्हणालो. “अलिबागच्या खाली. चौलच्या शेजारी.”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. “मग तुला दुसरं नाव देताच येणार नाही. चौलला पूर्वी एक रशियन व्यापारी उतरला होता, त्याचंच. तू अफनासी.”

बाकीच्यांची नावं कानाला हलकी, खेळकर वाटत होती. माझं नाव आजोबांच्या घोंगडीसारखं होतं, जाड आणि जड. एकदा एक रशियन पाहुण्या वर्गावर आल्या. आम्ही एकेकाने उभं राहून ‘मेन्या झवूत’ म्हणत आपापली ओळख सांगितली. ‘मेन्या झवूत’ म्हणजे शब्दशः ‘मला हाक मारतात’. रशियन माणूस नाव सांगताना ते माझं आहे असं म्हणत नाही, लोक मला या नावाने बोलावतात असं म्हणतो. साशा, मीशा, नताशा झालं, माझी पाळी आली. मी ‘अफनासी’ म्हटल्यावर त्या पाहुण्या बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांच्या आजोबांच्या भावाचं हे नाव होतं म्हणे. “खेड्यातलं नाव,” त्या म्हणाल्या. “आता कुणी ठेवत नाही.”

त्या दिवसापासून हे नाव माझ्या मागे लागलं.

मूळ शब्द ग्रीक, अथानासिओस. ‘थानातोस’ म्हणजे मृत्यू, आणि त्याच्या आधी नकाराचा ‘अ’. हा ‘अ’ आपलाच. अमर, अक्षय, अजित, अच्युत यांच्यातला जो ‘अ’, तोच. ग्रीक आणि संस्कृत एका मुळातून फुटल्या तेव्हा वाटणीत दोघींनाही मिळालेला. ग्रीकमध्ये अमर याला ‘आम्ब्रोतोस’ असाही शब्द आहे, आणि तो तर आपल्या ‘अमृत’चा सख्खा भाऊ. हे मला कळलं त्या रात्री झोप आली नव्हती. घोंगडीसारखं परकं वाटणारं नाव आतून आपल्याच विणीचं निघालं होतं.

मग त्यातल्या ‘थ’चा ‘फ’ कसा झाला? प्राचीन ग्रीकांचा हा ‘थ’ आपल्या थाळीतल्या ‘थ’सारखाच होता, ‘त’च्या मागे श्वास सोडून म्हटलेला. पुढे ग्रीकांच्याच तोंडी तो घासून म्हणायचा आवाज झाला, जीभ दातांना लावून इंग्रजी ‘थिंक’मध्ये म्हणतात तसा. ९८८ साली कीवच्या व्लादिमीरने बाप्तिस्मा घेतला, आणि बिझंटाइन धर्मासोबत संतांच्या नावांचं गाठोडं उत्तरेला गेलं. तिथल्या जिभेला तो आवाज काही वळेना. लिहिताना त्याच्यासाठी ‘फिता’ नावाचं वेगळं अक्षर राखलं, वाटोळं, मधोमध आडवी रेघ असलेलं. म्हणताना मात्र सरळ ‘फ’. थिओडोरचा फ्योदर झाला, थॉमसचा फोमा, थेक्लाची फ्योक्ला. अथानासीचा अफनासी. १९१८ च्या लेखनसुधारणेत ‘फिता’ही वगळलं गेलं, आणि या नावांना एकत्र बांधणारी शेवटची खूण पुसली.

साध्या माणसांच्या तोंडी सुरुवातीचा ‘अ’ही टिकला नाही, ‘ओफोनासी’ झालं. लाडाने अफोन्या, फोन्या. युक्रेनमध्ये पनास, बेलारूसमध्ये अपनास, बल्गेरियात अतनास. ग्रीसमध्ये हे नाव आजही घरोघरी आहे, थानासिस म्हणून. पनास आणि थानासिस ही रूपं पाहिली की मला राहून राहून वाटतं, लाडाच्या भरात नेमका तो नकाराचा ‘अ’च गळाला! ग्रीक आई ‘थानासी’ अशी हाक घालते तेव्हा त्यात मरणाचाच शब्द उरलेला असतो, आणि हाकेच्या प्रेमात तो कुणाला ऐकूही येत नाही.

जुन्या रशियात नाव आईबापांच्या आवडीवर फारसं नसे. ‘स्व्यात्सी’ म्हणजे संतांच्या दिवसांचं पंचांग असायचं. मूल जन्मलं की आसपासच्या दिवसांत कोणत्या संताचा सण येतो ते पाहायचं आणि त्यांतलं एक नाव द्यायचं. आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात, तसं तिथे संताच्या तिथीवरून सबंध नावच निघे. अफनासीचा मुख्य दिवस जुन्या पंचांगाने १८ जानेवारी, आताच्या हिशेबाने ३१. हा संत म्हणजे चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप. श्रद्धेच्या एका वादात मागे हटायला तयार नव्हता, म्हणून चार सम्राटांनी मिळून त्याला पाच वेळा हद्दपार केलं, आयुष्याची सतरा वर्षं परमुलखात गेली. रशियन शेतकऱ्याला या वादाचं काही नव्हतं. त्याच्या लेखी हा ‘अफनासी लोमोनोस’, नाकमोड्या अफनासी, कारण त्याच्या दिवशी नाक गळून पडेल अशी थंडी असते.

सुट्टीत रेवदंड्याला गेलो तेव्हा हे सगळं आजीला सांगितलं. ती पडवीत आमसुलं निवडत होती. विचारलं, “अर्थ काय म्हणालास?”

“न मरणारा.”

“आणि असं नाव ठेवून जगायचं ते पोर?”

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. माझ्या बाबांच्या आधी तिची दोन मुलं गेली होती. चांगली नावं ठेवली होती दोघांची, देवाची. बाबा झाले तेव्हा सुईणीच्या ओटीत घातले आणि चार मुठी तांदळांना परत विकत घेतले. नाव ठेवलं धोंडू. धोंड्याला कोण दृष्ट लावणार? धोंड्याला उचलून कोण नेणार? “मरणाच्या दारात उभं राहून मी मरणार नाही असं ओरडू नये रे,” आजी म्हणाली. “गप बसावं. त्याला वाटू द्यावं, इथे कुणी नाहीच.”

पुण्याला परतल्यावर बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी मला जुन्या रशियन नावांची दुसरी बाजू दाखवली. चर्चच्या नावाशिवाय माणसांना घरगुती नावंही असत, आणि ती कित्येक शतकं चालली. नेक्रास म्हणजे ‘देखणा नव्हे तो’. नेझ्दान म्हणजे ‘ज्याची वाट पाहिली नव्हती तो’. ही नावं म्हणजे तिकडचे दगडू-धोंडूच. एका खिशात ‘न मरणारा’, दुसऱ्या खिशात ‘कुरूप’. देवाला दाखवायचं एक, नजरेला दाखवायचं एक. आपल्याकडेही कानात सांगितलेलं जन्मनाव वेगळं आणि अंगणात मारायच्या हाकेचं वेगळं, असं असतंच की.

आता ज्याच्यामुळे मला हे नाव मिळालं त्याच्याकडे येतो. अफनासी निकितीन. यातलं निकितीन हे आज आपण आडनावासारखं म्हणतो, पण ते बापाचं नाव आहे, निकिताचा मुलगा. ‘-विच’ लावून बापाचं नाव सांगण्याचा मान तेव्हा बड्यांचा, व्यापाऱ्याच्या वाट्याला नुसतं ‘-ईन’. (निकिता हे रशियात पुरुषाचं नाव, ‘निके’ म्हणजे विजय या ग्रीक शब्दापासूनचं. आपल्याकडच्या निकितांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.) त्याने लिहून ठेवलेल्या प्रवासाच्या वहीची नक्कल करणाऱ्यांनी मात्र त्याला ‘त्वेरीतीन’ म्हटलंय, त्वेरचा. त्वेर हे व्होल्गाकाठचं शहर, तेव्हा मॉस्कोहून निराळं संस्थान.

१४७० च्या आगेमागे हा माणूस चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला यायच्या पंचवीसेक वर्षं आधी. निघाला होता व्होल्गेवरून खाली व्यापाराला. आस्त्राखानपाशी तातारांनी लुटलं, माल गेला, आणि मालाबरोबर त्याने घरून आणलेली धर्माची पुस्तकंही गेली. या पुस्तकांचं दुःख तो पुन्हा पुन्हा लिहितो. मालाचं त्यामानाने कमी. मला त्याचं कारण हळूहळू समजलं. ज्या तिथ्यांवरून त्याला स्वतःचं नाव मिळालं, त्या तिथ्याच हरवल्या. ईस्टर कधी, ख्रिस्तजयंती कधी, उपास कधी, काही कळेना. मग मुसलमानांच्या सणांवरून अंदाज बांधायचा, आकाशाकडे बघायचं. ईस्टरच्या पहाटे कृत्तिका आणि मृग उजेडात शिरले होते आणि सप्तर्षी पूर्वेकडे डोकं करून उभे होते, असं त्याने लिहून ठेवलंय. परमुलखात एकटा माणूस पहाटे उठून चांदण्यांवरून आपला सण शोधतोय, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

होर्मुझहून एक घोडा घेऊन तो सहा आठवड्यांनी चौलला पोचला. आमच्या किनाऱ्याबद्दल त्याने लिहिलेलं पहिलं वाक्य माणसांबद्दलचं आहे. डोकं उघडं, छाती उघडी, केसांची एकच वेणी. आणि मी जाईन तिथे माझ्यामागे माणसं, गोऱ्या माणसाचं नवल करत. चौलला तो च्युविल म्हणतो, जुन्नरला च्युनेर, दाभोळला दाबिल. आपली गावं अशी दुसऱ्याच्या जिभेवर वळलेली वाचताना मला ‘अथानासी’चा ‘ओफोनासी’ आठवतो. त्यानेही आमच्या नावांना तेच केलं, जे त्याच्या लोकांनी ग्रीक नावाला केलं होतं.

चौलहून घाट चढून जुन्नर. तिथे त्याला पावसाने गाठलं. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत इथले लोक नांगरतात, पेरतात, याचं त्याला आश्चर्य. या मोसमाला तो हिवाळाच म्हणतो, घरात अडकून पडण्याचा ऋतू म्हणून त्याला तोच माहीत. घोड्यांना इथे हरभरा घालतात आणि साखर घालून खिचडी शिजवतात, हेही त्याने टिपलंय. ‘किचिरिस’ असा शब्द आहे.

इथवर तो अफनासी नव्हता. बहमनी राज्यात वावरताना त्याने दुसरं नाव घेतलं होतं, खोजा युसुफ खोरासानी. इराणच्या पूर्वेकडच्या खोरासानच्या लोकांना तिथे मान होता, व्यापाऱ्याला असं नाव अंगरख्यासारखं उपयोगी. पण जुन्नरचा सुभेदार असद खान याला कळलं की हा मुसलमान नाही, रूसी आहे. त्याने घोडा अडकवून ठेवला आणि म्हणाला, आमचा धर्म घे, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. नाही घेतलास तर घोडाही गेला आणि हजार मोहरा तुझ्याचकडून घेईन. चार दिवसांची मुदत. त्या घोड्यापायी आपले शंभर रूबल गेले हे त्याने आधीच लिहिलंय, म्हणजे त्याची सगळी पुंजी तबेल्यात बांधलेली. ऐन वेळी खोजा महंमद नावाचा एक खोरासानी गृहस्थ तिथे आला आणि त्याने खानापाशी रदबदली करून घोडा सोडवला, धर्मही राखला. एका खोट्या खोरासान्याला खऱ्या खोरासान्याने वाचवलं. निकितीनने ते देवाच्या खात्यात लिहिलं, त्या दिवशी तारणहाराचा सण होता म्हणून. मला मात्र खोजा महंमदाचं नाव विसरवत नाही.

बिदरला घोडा विकला गेला, आणि तिथे ती गोष्ट घडली जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. बिदरला त्याची पुष्कळ हिंदूंशी ओळख झाली. ते त्याच्यासमोर जेवत नसत, अन्न झाकून ठेवत, व्यवहाराचंही पुरतं सांगत नसत. मग एके दिवशी त्याने त्यांना सांगून टाकलं. मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. ‘आणि नाव माझं ओफोनासी, मुसलमानी नाव खोजा युसुफ खोरासानी.’ पुढच्याच वाक्यात तो लिहितो, त्यानंतर ते माझ्यापासून काहीच लपवेनात. ना खाणं, ना व्यापार, ना प्रार्थना. घरातल्या बायकासुद्धा पडद्याआड गेल्या नाहीत.

मूळ मजकुरात हे जेमतेम दोनतीन ओळींत आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे जाऊच शकलो नाही. लांबच्या मुलखात, नुकताच जुन्नरला नावामुळे जिवावर बेतलेलं असताना, तो आपण होऊन नाव सांगतो. कुणाला? ज्यांना त्या नावाचा अर्थ ठाऊक नाही, ज्यांनी ते कधी ऐकलेलं नाही, ज्यांच्या हाती त्याचं वाईट करायची सत्ताही नाही. ‘मला हाक मारतात’ असं इथे चालणार नव्हतं, कारण त्या नावाने हाक मारणारं तिथे कुणीच नव्हतं. म्हणून ‘नाव माझं’. आणि समोरच्यांनी जेवणावरचं फडकं काढलं. पुढे शिवरात्रीला हेच लोक त्याला आपल्याबरोबर पर्वतला घेऊन गेले, म्हणजे आजच्या श्रीशैलमला. जत्रा बघून त्याने लिहिलं, हे यांचं जेरुसलेम.

परतीला तो दाभोळहून जहाजात बसला. शेवटच्या पानांवर त्याची भाषा सैल होत जाते. रशियनमध्ये मधेच तुर्की, फारसी, अरबी शब्द शिरतात. देवालाही तो एका नावाने बोलावत नाही. बोग म्हणतो, अल्ला म्हणतो, खुदा म्हणतो. तो धर्म सोडून आला होता का यावर अभ्यासक वाद घालतात. मला त्या पानांत घराची ओढ दिसते आणि हाताशी असतील त्या सगळ्या शब्दांनी मारलेली हाक ऐकू येते.

नावाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत अफनासी चांगला रुळलेला होता. कवी अफनासी फेत यांची गोष्ट मला चटका लावते. जन्म १८२० चा. चौदा वर्षं ते शेन्शिन होते, मग जन्माच्या वेळी आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं असं निघालं आणि आडनाव काढून घेतलं गेलं. ते परत मिळवायला १८७३ साल उजाडलं. एवढ्या वर्षांत त्यांची अशी म्हणावी ती अफनासी ही एकच खूण. विसाव्या शतकात पंचांग गेलं, नावं ठेवायची मोकळीक आली. व्लादिमीर लेनिनवरून व्लादलेन निघालं, लेनिन उलटं वाचून मुलींसाठी निनेल निघालं. अफनासी मागे पडलं, म्हाताऱ्यांचं, खेड्यातलं झालं. आता ते बहुतेक बापाच्या नावांत आणि आडनावांत राहतं. लोककथा गोळा करणारे अलेक्सांद्र अफानास्येव, किंवा मिखाईल अफानास्येविच बुल्गाकोव. लेकाच्या नावात बाप जिवंत असतो, हे मधलं नाव लावणाऱ्या आपल्या मराठी माणसांना समजावून सांगायला नको.

१९५५ साली व्होल्गाच्या काठी निकितीनचा पुतळा उभा राहिला. पण तेव्हा शहराचंच नाव हरवलेलं होतं. १९३१ पासून १९९० पर्यंत त्वेरला कालिनिन म्हणत. ‘त्वेरचा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाचा पुतळा पस्तीस वर्षं त्वेर नसलेल्या गावात उभा होता.

आमच्याकडे रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक झालं ते २००२ मध्ये. आजी तोवर गेली होती. जायच्या आधी एकदा मी तिला बिदरची गोष्ट सांगितली होती. ऐकून बराच वेळ ती गप्प राहिली आणि मग जवळ बोलावून तिने मला बाबांचं जन्मनाव सांगितलं, कानात. मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

स्मारक झालं त्या वर्षी बाबांना घेऊन तिथे गेलो. शाळा सुटली होती. सुरूच्या झाडांतून वारा येत होता. बाबांनी दगडाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “आला होता तो, मग घरी पोचला का परत?”

नाही पोचला. १४७५ च्या नोंदीत मॉस्कोकडचा बखरकार लिहितो, त्वेरच्या ओफोनास व्यापाऱ्याचं लिखाण मला मिळालं. तो कोणत्या साली गेला, कोणत्या साली परतला, याचा मी शोध केला, पण सापडलं नाही. म्हणतात, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी आणून महाराजांचा कारकून वासिली मामिरेव याच्याकडे दिल्या. मी बाबांना हे सगळं सांगितलं.

“वह्या पोचल्या म्हणजे,” बाबा म्हणाले.

मग चप्पल काढून ते जोत्यावर टेकले. “परत सांग रे, नाव काय त्याचं?”

मी सांगितलं. त्यांनी ते हळूच म्हणून पाहिलं. ‘फ’वर जीभ अडखळली, पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी नीट आलं.